हिरवं मिक्श्चर बंद झालं तेव्हा

मी एकवीस वर्षं लोकांना रंगीत पाणी पाजलं. हे वाक्य आमच्या डॉक्टरांनी ऐकलं असतं तर त्यांनी चष्मा काढून पुसला असता आणि म्हणाले असते, "बाई, नुसतं पाणी कुठं? त्यात औषधही असतं." असायचं ना. बहुतेक वेळा असायचं. एकदा नव्हतं, त्याची ही हकिगत आहे.

अंधेरी पश्चिमेला, बाजाराच्या तोंडाशी डॉक्टर सबनीसांचा दवाखाना होता आणि तिथे मी कंपाउंडर होते. त्या काळात बाई कंपाउंडर म्हणजे लोकांना चमत्कारिक वाटायचं. नवा पेशंट खिडकीशी येऊन विचारायचा, "कंपाउंडर कुठं गेले?" मी म्हणायचे, "इथेच बसलेत. चिठ्ठी द्या." वडील त्याच खिडकीत बसायचे. ते गेले तेव्हा घरात आई आणि मी दोघीच उरलो. वडिलांच्या हाताखाली राहून काम शिकले होते, परीक्षाही दिली होती, म्हणून डॉक्टरांनी मलाच बसवलं. पुढे माझं लग्न करायचं राहून गेलं आणि मला त्याची फारशी आठवणही राहिली नाही.

आजच्या मंडळींना हा धंदा समजावून सांगायला हवा. तेव्हा दवाखान्यात औषध पातळच मिळायचं. डॉक्टर चिठ्ठीवर आकडा लिहायचे आणि त्या आकड्याचं मिक्श्चर मी मोठ्या बरणीतून पेशंटच्या बाटलीत भरायचे. बाटली ज्याची त्याने आणायची. सरबताची, एरंडेलाची, केसांच्या तेलाची, काय वाटेल ती यायची. दारूबंदी चालू असूनही कुणाकुणाच्या घरून जी बाटली यायची, तिचं मूळ गाव मी कधी विचारलं नाही. मग कागदाची पट्टी दुमडायची, कात्रीने कडेला खाचा पाडायच्या आणि पट्टी बाटलीला उभी चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. डॉक्टरकी डॉक्टरांची, पण पेशंट घरी जाऊन बघत बसायचा ती माझी खाच.

आणि रंग. खोकल्याचं लाल, तापाचं पिवळं, पोटाचं हिरवं. हे रंग औषधाचे नव्हते, मी घालायचे, चिमूटभर. एकदा लाल रंग संपला होता म्हणून एका शाळामास्तरांना खोकल्याचं औषध बिनरंगाचं दिलं. तासाभराने मास्तर बाटली घेऊन परत. "बाई, पाणी देता होय आम्हाला?" मी बाटली आत नेली, उरलंसुरलं लाल खरवडून त्यात घातलं आणि तीच परत दिली. मास्तरांचा खोकला दोन दिवसांत पळाला. त्या दिवसापासून मी एक नियम केला: औषधात काय वाट्टेल ते होवो, रंग बदलायचा नाही. नियमाचा मला फार अभिमान होता.

हिरव्यात मुख्य औषध म्हणजे बेलाडोनाचं टिंक्चर. बेलाडोना हे विषारी झुडूप. थेंबांनी मोजलं तर औषध, चमच्याने मोजलं तर पंचनामा. शरीराचे नळ बंद करायचं याचं काम. लाळ कमी, घाम कमी, आतड्यांची ओढाताण सैल, की पोटातली कळ थांबली. बाकी खायचा सोडा, पेपरमिंटचं पाणी आणि जीभ कडू करायला एक अर्क. कडू लागलं नाही तर लोक त्याला औषध मानत नसत. डॉक्टर हिरवं सढळ हाताने द्यायचे. एकदा चालू केलं की बंद कधी करायचं हे चिठ्ठीवर लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही.

हिरव्याचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक फुलाबाय. वेसाव्याची कोळीण, सत्तरीच्या आसपासची. रोज अंधेरीच्या मासळीबाजारात पाटी मांडून बसायची. सून शेवंती शेजारी बसून मासळी कापायची. फुलाबायला सात वर्षांपूर्वी पोटात कळ आली होती. कळ गेली, हिरवं राहिलं. दर सोमवारी बाजार उठला की खिडकीशी यायची.

"बाय, भर माझा हिरवा."

"मावशी, पोट दुखतंय का अजून?"

"पोटाला काय झालंय? पन हिरवा घेतला की हात सरल चालतो. नायतर बग कसा नाचतो."

हात तिचा खरंच थरथरायचा. हिरव्याने थरथर कमी होते असं ती म्हणायची आणि मी हसायचे. पोटाच्या औषधाने हात बरा होतो म्हणे. डॉक्टरांनाही सांगितलं, तेही हसले. शिवाय ती एका वेळी दोन-दोन खाचा प्यायची, हे मला ठाऊक होतं, कारण दोन आठवड्यांची बाटली एका आठवड्यात संपायची. मी भरून द्यायचे. जुनं गिऱ्हाईक.

त्याची किंमत ती देत होती, पण तेव्हा कुणाला उमगलं नाही. तोंडाला सतत कोरड. भाव करताना जीभ टाळूला चिकटायची म्हणून गालात लिंबाची गोळी. जवळचं धूसर दिसायचं. शेवंतीला मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायची. एकदा सरंगा मागणाऱ्या बाईला हलवा मासा दिला म्हणून स्वतःशीच भांडत बसली होती. डॉक्टर म्हणाले, "वय झालं." त्या काळी पासष्टच्या पुढे काहीही झालं की तेच निदान असे आणि ते कधी चुकत नसे.

मग टिंक्चरची पंचाईत झाली. टिंक्चर मद्यार्कात मुरवलेलं असतं. दारूबंदीमुळे काही शहाणे लोक आल्याचं टिंक्चर पोटासाठी न पिता डोक्यासाठी पीत. आमच्या घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामावर त्याच भानगडीत धाड पडली आणि गोदामाला सील लागलं. आल्याच्या टिंक्चरबरोबर बेलाडोनाही आत अडकला. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, "बाई, हिरवं पंधरा दिवस बंद. लोकांना तसं सांगा."

मी पहिल्याला सांगितलं. रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, तासभर वाद घातला. दुसऱ्या बाई सरळ समोरच्या दवाखान्यात गेल्या. तिसऱ्याच्या वेळेला माझं डोकं फिरलं. आत गेले, सोडा, पेपरमिंट आणि कडू अर्क घेतला, चिमूटभर हिरवा रंग टाकला आणि बरणी भरून ठेवली. बेलाडोना सोडून सगळं होतं. पंधरा दिवसांचा तर प्रश्न. डॉक्टरांना सांगितलं नाही. रेल्वेवाले गृहस्थ दोन दिवसांनी येऊन म्हणाले, "या खेपेचं औषध झकास आहे हो." मी मनात म्हटलं, घ्या.

सोमवारी फुलाबाय आली. तिलाही भरून दिलं. नेहमीसारख्या खाचा पाडल्या, नेहमीसारखी पट्टी चिकटवली.

शुक्रवारी तिची पाटी लागली नाही. शनिवारी सकाळी शेवंती धावत दवाखान्यात आली. "डाक्टर, चला. सासूला उलट्या, जुलाब. तोंडातून थुंकी गलते ती थांबत नाय. तीन दिस झोप नाय."

"औषध देतेस ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"देतंय की. हिरवा देतंय. गुन येत नाय म्हनून काल दुप्पट दिला."

डॉक्टरांना वाटलं, जुनी बाटली उरली असेल. मी खिडकीतून हे ऐकलं आणि तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. दुप्पट द्या नाहीतर चौपट, पेपरमिंटने कोण मरतं, असाच माझा विचार होता.

डॉक्टरांच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर त्यांची बॅग घेऊन मी वेसाव्याला गेले. घरात वाडीतल्या सात-आठ बायका जमल्या होत्या. शेवंतीचा नवरा होडीवर होता. फुलाबाय चटईवर पडलेली. चेहरा लाकडासारखा, हातपाय ताठ, अंग घामाने भिजलेलं, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळेची धार. पाण्याचा घोट दिला तो गिळता आला नाही. डॉक्टरांनी नाडी बघितली, बॅटरी मारून डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या आणि मान वर करून घरभर नजर फिरवली. फळीवर ढेकणांच्या औषधाचा डबा होता. ते उठले, डबा उघडला, हुंगला.

हेही सांगायला हवं. ढेकूण मारायचं ते विष पोटात गेलं तर माणसाला नेमकं हेच होतं. लाळ, घाम, उलट्या, जुलाब. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी विचारलं एवढंच, "हे घरात कोण वापरतं?"

सगळ्या बायकांनी शेवंतीकडे बघितलं. मग एकजण हळूच म्हणाली, "बुधवारी दोघींचा भांडान झाला व्हता. मोठा."

शेवंती म्हणाली, "भांडान रोज व्हतो. म्हनून मी इख घालीन?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, कारण तो शांतपणाच लोकांना खटकला.

डॉक्टरांनी बॅगेतून अॅट्रोपिनची कुपी मागितली. या विषावर अॅट्रोपिन हाच उतारा. मी कुपी काढली, फोडली, सुई भरली आणि भरता भरता माझ्या लक्षात आलं. अॅट्रोपिन बेलाडोनाच्याच झुडपातून काढतात. हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. सात वर्षं या बाईच्या अंगात रोज दुप्पट थेंब जात होते आणि सोमवारपासून मी ते एका दिवसात तोडले होते. सात वर्षं दाबून ठेवलेले सगळे नळ एकदम सुटले होते. थरथर आवरून धरणारा हात निघून गेला आणि अंग ताठ झालं. डॉक्टर सुईने जे आत घालणार होते, ते मीच बाहेर काढलं होतं.

इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात लाळ थांबली, अंग जरा सैल पडलं, फुलाबायने दोन घोट पाणी गिळलं. उतारा लागू पडला म्हणजे विष होतंच, असं खोलीतल्या प्रत्येकाने मनाशी ठरवलं. डॉक्टरांनी पॅड काढलं. "पोलिसांना कळवावं लागेल," ते म्हणाले. शेवंती भिंतीला टेकून उभी होती. खाली बसली.

मी त्या वेळी, त्या खोलीत, त्या सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं. बोलले नाही. नोकरी जाईल, लायसन्स जाईल, आईला काय सांगू, हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. मी घाबरले. एवढंच. मी म्हटलं, "डॉक्टर, जरा बाहेर येता?"

बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या मागे उभी राहून मी त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"किती दिवस?"

"सोमवारपासून. आणि त्या दुप्पट घ्यायच्या. मला माहीत होतं."

"माहीत होतं," ते म्हणाले. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्यांना पूर्वी बेलाडोनाच द्यायचे. ती सांगत होती ना की हात सरळ चालतो? आपण दोघं हसलो." पुढचं ते माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, ठाऊक नाही. "जिना एकेक पायरी चढवला तिला, आणि उतरायच्या वेळी गॅलरीतून ढकललं."

आत जाऊन त्यांनी पॅड बॅगेत टाकलं आणि जाहीर केलं, "विष नाही. नसांचा अशक्तपणा आहे." माझं नाव घेतलं नाही, हिरव्याचंही नाही. शेवटी दवाखाना त्यांचा होता. मला केवढं हायसं वाटलं, ते लिहायला आज लाज वाटते. पण त्यांना डबा हुंगताना सगळ्या वाडीने बघितलं होतं. नसांच्या अशक्तपणावर कुणाचा विश्वास बसणार?

डॉक्टरांनी ओळखीच्या इस्पितळातून बेलाडोनाची छोटी बाटली मिळवली. फुलाबायला पुन्हा आधीइतके थेंब चालू केले, ती चार दिवसांत उठून बसली. मग आमची उतरण सुरू झाली. दर सोमवारी दोन थेंब कमी. एका सोमवारी मी घाईने चार कमी केले तर पुन्हा लाळ आणि मळमळ. डॉक्टर म्हणाले, "मागे जा, दोन आठवडे थांबा, मग उतरा." औषध कसं चालू करायचं यावर पुस्तकंच्या पुस्तकं होती. बंद कसं करायचं हे आम्ही त्या म्हातारीवरून शिकलो. आठ महिने लागले. आणि या आठ महिन्यांत तिला काय सांगितलं? काही नाही. बाटली तीच, खाचा त्याच, रंग हिरवा. शेवटी शेवटी त्यात पुन्हा नुसता सोडा आणि पेपरमिंटच होतं आणि तिला काही म्हणता काही झालं नाही.

उलट तिचं डोकं लख्ख झालं. तोंडाची कोरड गेली, गालातली गोळी गेली. दहा वर्षांपूर्वी कुणी पापलेट परत आणून दिलं होतं तेही आठवायला लागलं. बाजारातल्या बायका म्हणायच्या, फुलाबायने आमची वाट लावली, कुणाला एक बोंबील सोडत नाही. हाताची थरथर मात्र पुरती परत आली. हात हवा की डोकं, असा तो सौदा होता आणि तिच्या वतीने तो आम्ही करून टाकला होता.

लख्ख डोक्याला त्या दिवसातलं सगळं आठवत होतं. चटईवर पडल्या पडल्या तिने जे ऐकलं होतं, तेही. एका सकाळी मी मांदेली घ्यायला गेले. शेवंती नेहमीच्या जागी, कोयत्यावर मासळी कापत होती. फुलाबाय तिच्यासमोरच मला म्हणाली, "मी वेगली रांधतंय आता. हिचे हातचा पानी पन घेत नाय. हिनं मना इख घातला व्हता."

मला वाटलं, बाजारात पसरलेली गोष्ट बाजारातच मोडली पाहिजे. शेजारच्या पाट्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "मावशी, तिने काही केलं नाही. मी केलं. तुमच्या हिरव्यातलं औषध संपलं होतं. मी नुसता रंग घालून दिला. ते औषध एकदम तुटलं म्हणून तुम्ही आजारी पडलात."

फुलाबाय हसली. "हिरवा तर मी आज पन पितंय. आज सकाली घेतला. मरली काय मी?"

"आताच्यात औषध नाही, मावशी. हळूहळू काढून घेतलं."

"औशद नाय, आनि मी ही अशी?" तिने मनगटातल्या बांगड्या वाजवल्या. "जा गं बाय. तू भली हायस, हिला वाचवाया खोटा बोलतंस. तुझे हाताला गुन हाय, सगला बाजार बोलतो."

शेजारच्या पाटीवरच्या बाईनेही मान डोलावली. एकवीस वर्षांत माझ्यावर कुणी एवढा विश्वास दाखवला नव्हता. शेवंतीने माझी मांदेली साफ केली, कागदात बांधली आणि माझ्या हातात देताना हळू आवाजात म्हणाली, "त्या दिशी घरान बोलाचा व्हता, बाई."

फुलाबाय पुढे चार वर्षं जगली. घर एक, चुली दोन. हात असा नाचायचा की भातात घालायचं निम्मं पाणी जमिनीवर जायचं, पण शेवंतीला ती चुलीला हात लावू द्यायची नाही. शेवटच्या आजारात पडली तेव्हा दोन दिवस तोंड उघडलं नाही. शेवंतीने मला बोलावणं धाडलं. मी गेले. शेवंतीने पेज केली होती. वाटी तिने माझ्या हातात दिली आणि स्वतः दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

"मावशी, घरून पेज आणलीय," मी म्हटलं. खोटं बोलायचा मला सराव होताच.

तिने तोंड उघडलं. चार चमचे घेतले, पाचवाही घेतला. मग डोळे मिटून म्हणाली, "मीठ बरोबर परलाय. आमचे घरान कुनाला मीठ टाकता येत नाय."

वाटी संपली होती. मी ती दाराबाहेर धरली. शेवंतीने ती भरून परत दिली.